तिफरळ

फोर्टात, मेडोज स्ट्रीटच्या बाजूच्या गल्लीत
झेरॉक्सवाल्याच्या पाठीला पाठ लावून माझं टेबल.
पानाला ऐंशी रुपये, शिक्का वेगळा.
सत्तावीस वर्षं मी लोकांची भांडणं
इंग्रजीत नेऊन सोडतो.
तिथून ती सहसा परत येत नाहीत.

विजयमाला तांडेल आल्या त्या दुपारी,
भांडुप, तुळशेतपाडा.
पिशवीत तीन वर्षांची बिलं,
फोनच्या पडद्याचे छापून आणलेले फोटो,
आणि कागदांत मुरलेला मालवणी मसाला,
ज्यानं शेजारचा नोटरी दोनदा शिंकला.

कलम चार. मी आधी समजावतो, सवयीनं:
मोठं असणं हा गुन्हा नाही, बाई.
मोठेपणाच्या जोरावर दुसऱ्याच्या पाटावर बसणं, हा.
"मग पाटावरच बसलेत," त्या म्हणाल्या,
"आणि ताटही माझंच."

पुढचा शब्द: संबंधित बाजारपेठ.
बाजार कुठला, हे आधी ठरवायचं.
कंपनी म्हणेल, अख्खा देश बाजार,
प्रत्येक वाणी, लालबागच्या मिरचीगल्लीतलं प्रत्येक कांडप,
आम्ही त्यात तीळभर.
"तीळ?" बाई हसल्या.
"माझी दहातली नऊ गिऱ्हाइकं त्यांच्याच दारातनं येतात.
उद्या दार लावलं तर मी विकू कुणाला,
खाडीला?"

आणि तक्रारीला इथे तक्रार म्हणत नाहीत.
कायदा तिला म्हणतो: माहिती.
हे ऐकून त्या जरा वेळ गप्प.
मग म्हणाल्या, "माहितीच तर नेली.
कोण घेतं, किती घेतं,
परळच्या बाया अर्धा किलो, पुण्याच्या पाव,
किती रुपयांवर हात मागे येतो,
मला कळायच्या आधी त्यांना कळलेलं.
आणि नेमका श्रावण संपायला
त्यांचा मसाला आला, त्यांच्याच नावाचा,
चाळीस रुपयांनी स्वस्त, यादीत पहिला.
मी तिसऱ्या पानावर.
तिसऱ्या पानावर कोण येतं?
मीच जाते, आहे का बघायला."

मी टाइप करत होतो.
परिशिष्ट ब, कंपनीच्या पुडीवरचा मजकूर,
आधी मराठीत उतरवायचा, मग खाली इंग्रजी:
तिफरळ घालून मंद आचेवर भाजलेला.
बोटं थांबली.
तिरफळ, बाई. र आधी.
नीट करून टाकतो.

त्यांनी माझं मनगटच धरलं.
"हात लावू नका.
पहिल्या दिवशी भाच्यानं माझी पुडी फोनवर चढवली,
घाईत चुकला.
मी म्हटलं राहू दे, आपली माणसं समजून घेतात.
तीन वर्षं ती चूक माझी एकटीची होती.
आता त्यांच्या पुडीवर बघा.
एवढी मोठी कंपनी,
आणि तिरफळाचं झाड पाहिलेला एक माणूस नाही तिच्यात."

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा
मी एक चूक जपून टाइप केली.
खाली लिहिलं: मूळ प्रतीत असेच.
शिक्का मारताना बघितलं,
तो शब्द झाकला जायला नको.

कागद दिल्लीला गेले. तारीख नाही अजून.
बाईंनी पैसे पुरते मोजले, वर एक पुडी ठेवली.
घरी बायकोनं ती बरणीत भरली,
म्हणाली, ही संपली की पुन्हा मागवायची कुठून?

रात्री मी फोन घेतला.
शुद्ध, सावकाश, एकेक अक्षर बघून लिहिलं:
तिरफळ मसाला.
पडद्यावर ओळ उमटली, अगदी नम्रपणे:
तुम्हाला "तिफरळ" म्हणायचं आहे का?